नावांची रुजवात

एकाच नावाची दोन रूपे दोन कागदांवर आढळली, म्हणजे ती दोन माणसे समजावयाची की एक, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. कारण त्याच्या उत्तरावर कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचा वारसाहक्क, कोणाच्या जमिनीचा फेरफार आणि कोणाच्या मुलाचा जातीचा दाखला अवलंबून असतो, आणि आजवर ते उत्तर कचेरीतील एखादा मुरलेला कारकून आपल्या स्मरणाच्या व तारतम्याच्या बळावर देत आला असला, तरी आता ते काम पाहता पाहता संगणकाच्या हाती चालले आहे. सारख्या उच्चारांची आणि सारख्या अक्षरांची नावे हुडकण्याच्या ज्या रीती संगणक वापरतो, त्यांविषयी माझ्या परिचयाच्या एका घरात मामा-भाचींमध्ये जो वाद झाला, तो येथे माझ्या शब्दांत देत आहे. मामांची उभी हयात महसूल खात्याच्या दफ्तरखान्यात गेली. मोडी ते बाळबोधाइतक्याच सहजपणे वाचतात. भाची संगणकशास्त्राची अध्यापिका असून, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांची शोधसूची तयार करण्याचे एक काम तिने अंगावर घेतले आहे.

मामा : तुझ्या यंत्राविषयी माझी पहिली तक्रार अशी की, ते दस्तऐवजाला प्रमाण मानीत नाही. आमच्या खात्याचा शिरस्ता असा होता की, नक्कल करावयाची ती मुळाबरहुकूम; मुळात ‘पाटिल’ असेल तर त्याचे ‘पाटील’ करण्याचा अधिकार नक्कल करणाऱ्याला नाही, कारण ज्याने ते लिहिले त्याची ती साक्ष आहे, आणि साक्षीदाराची जबानी आपल्या पसंतीप्रमाणे सुधारून घेण्याची मुभा कोणालाही असू नये. तुझे यंत्र मात्र दोन भिन्न साक्षी समोर ठेवून ‘ही एकच’ असे म्हणावयास धजावते.

भाची : मामा, मूळ नोंदीतला एक काना की मात्रा यंत्र हलवीत नाही. ते मूळ नावाच्या शेजारी एक सांकेतिक खूण लिहिते, आणि ज्यांची खूण सारखी ती नावे शोधणाऱ्यापुढे एकत्र आणून ठेवते, इतकेच. ही कल्पनाही यंत्राची नव्हे. संगणक जन्माला येण्यापूर्वी, १९१८ साली, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरच्या रॉबर्ट रसेल यांनी तिचे पेटंट घेतले. नाव अकारविल्हे न लावता उच्चाराच्या वर्गाप्रमाणे लावावे, म्हणजे स्पेलिंग चुकले तरी चिठ्ठी त्याच खणात सापडेल, हा तिचा आशय. पुढे ती ‘साउंडेक्स’ या नावाने रूढ झाली. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावयाचे. पुढचे स्वर, आणि त्यांच्याबरोबर एच, डब्ल्यू व वाय, गाळावयाचे. उरलेल्या व्यंजनांना १ ते ६ अंक द्यावयाचे. एका वर्गाची अक्षरे लागून आली तर अंक एकदाच लिहावयाचा. तीन अंक झाले की थांबावयाचे, आणि कमी पडले तर शून्ये भरावयाची. बी, एफ, पी, व्ही हे ओठांचे वर्ण पहिल्या वर्गात, डी आणि टी तिसऱ्यात, एल चौथ्यात, एम व एन पाचव्यात, आर सहाव्यात, आणि सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड ही सारी मंडळी दुसऱ्यात.

मामा : म्हणजे वर्णांची उच्चारस्थाने. आपली सबंध वर्णमालाच त्या क्रमाने बसविलेली आहे. कंठापासून निघून ओठांपर्यंत येणाऱ्या पाच वर्गांची ती मांडणी आपल्याकडे मूलसुद्धा पाटीवर गिरवते. परंतु कंठ्य ‘क’, तालव्य ‘ज’ आणि दंत्य ‘स’ यांना एका कोठडीत कोंडणारा हा दुसरा वर्ग कोणत्या शास्त्रात बसतो?

भाची : तो इंग्रजी लेखनाच्या शास्त्रात बसतो. त्या भाषेत सी कोठे ‘क’ असतो, कोठे ‘स’. जी कोठे ‘ग’, कोठे ‘ज’. जे लेखनातच एकमेकांच्या जागी येतात ते एका वर्गात ठेवणे भाग होते. आणि या ओबडधोबड वाटणाऱ्या रीतीने केवढे काम केले ते पाहा. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि वृद्धांना निवृत्तिवेतन मिळण्यासाठी वयाचा पुरावा देणे प्राप्त झाले. पण त्यांच्या जन्माच्या वेळी जन्मनोंदीची पद्धत सर्वत्र लागू नव्हती, त्यामुळे पुरावा उरला तो जुन्या जनगणनेच्या नोंदींचा. तेव्हा बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून माणसे बसवून १८८० च्या जनगणनेची चिठ्ठ्यांवर सूची करण्यात आली, आणि तीही ज्या कुटुंबांत दहा वर्षांची किंवा त्याखालची मुले होती तेवढ्यांचीच. कारण १८८० साली दहाच्या आत असलेली मुलेच १९३५ मध्ये पंचावन्न ते पासष्ट वर्षांची झालेली होती. गणनेच्या कारकुनाने दारात उभे राहून जे नाव जसे कानी पडले तसे लिहिले होते. कोणी जर्मन, कोणी आयरिश, कोणी पोलिश. पन्नास वर्षांनंतर तो म्हातारा आपले नाव वेगळ्या स्पेलिंगने सांगे, आणि तरीही चिठ्ठी सापडे. स्वतःच्या जन्माचा कागद नसलेल्या माणसाला त्याचे वय परत मिळवून देणारी ही रीत आहे. तिला मी साक्षीची हेळसांड कशी म्हणू?

मामा : त्या माणसांपुरती मी तिला नमस्कार करतो. आता ती आपल्या नावांना लावून दाखव.

तिने कागद ओढला. शिंदे हे नाव एस-एच-आय-एन-डी-ई असे लिहिले, त्याखाली ग्वाल्हेरच्या घराण्याचे इंग्रजी रूप एस-सी-आय-एन-डी-आय-ए असे लिहिले, आणि नियमाप्रमाणे दोन्हींची खूण काढली. पहिल्यात एच आणि स्वर गळून एनचा ५ व डीचा ३ उरला. दुसऱ्यातला सी हा एसच्याच वर्गाचा व त्याला लागून आलेला म्हणून विलीन झाला, आणि पुन्हा ५ व ३ च उरले. दोन्ही ‘एस ५३०’. दीक्षित हे नाव मध्ये एक्स घालून लिहा की के-एस-एच घालून लिहा, दोन्हीकडून ‘डी २३०’ आले. मामा क्षणभर कागदाकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी बडोद्याचे नाव पुढे केले.

मामा : जुन्या इंग्रजी कागदांत गायकवाडांच्या नावाच्या शेवटी डी नसून आर आढळतो. त्याचे काय?

भाची : शेवटी डी असेल तर ‘जी २३०’, आर असेल तर ‘जी २६०’. दोन खण. साउंडेक्स तेथे हरते.

मामा : हरणारच, कारण तो आर लिहिणाऱ्या साहेबाच्या बोटाचा दोष नव्हता. आपला मूर्धन्य ‘ड’ स्वरानंतर आला की जीभ टाळूला निसटता झटका देऊन परतते, आणि ज्याच्या भाषेत तो वर्णच नाही त्याला तो ‘र’ ऐकू येतो. त्याने ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले. तुझ्या नियमात इंग्रजी लेखनाचे ज्ञान आहे, मराठी तोंडाचे नाही. बरे, जोडू नयेत अशी नावे ते जोडते का?

भाची : जोडते. काळे, कोळी, कौल आणि कोहली ही चारही नावे इंग्रजीत लिहिली तर ‘के ४००’ या एकाच खणात जातात. जोशी आणि जोग ‘जे २००’. पाटील आणि पटेल ‘पी ३४०’. राव, रॉय आणि राय यांच्यापाशी तर पहिल्या अक्षरापलीकडे काहीच उरत नाही. तिघेही ‘आर ०००’. उलट पवार हे एकच नाव डब्ल्यूने लिहिले तर ‘पी ६००’ आणि व्हीने लिहिले तर ‘पी १६०’, कारण डब्ल्यू गळतो आणि व्ही ओष्ठ्य म्हणून मोजला जातो. हाच घोटाळा पूर्व युरोपातील ज्यू नावांत होई. मॉस्कोविट्झ व्हीने लिहिणारा एका खणात, डब्ल्यूने लिहिणारा दुसऱ्यात. म्हणून १९८५ साली गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डेच यांनी स्लाव व जर्मन वळणाच्या नावांसाठी सहा अंकांची स्वतंत्र पद्धत बसविली आणि तीत व्ही-डब्ल्यूंना एकच अंक दिला. हे मी तुमच्या बाजूचे प्रमाण म्हणून सांगते आहे, मामा. प्रत्येक लोकसमूहाला आपल्या नावांची रीत स्वतः बांधावी लागली.

मामा : मग माझी तक्रार कायम राहते, एवढेच नव्हे तर ती वाढते. तू म्हणतेस, यंत्र फक्त नावे एकत्र ठेवते. पण खिडकीपलीकडे बसलेल्या कारकुनाच्या पडद्यावर काळे आणि कोळी शेजारी शेजारी उमटले, की दिवसाकाठी शंभर अर्ज निकालात काढण्याची सक्ती असलेला तो इसम ‘यंत्राने जुळविले’ म्हणून शिक्का मारून मोकळा होणार. अधिकार कायद्याने कोणाचाही असो, घाईच्या कचेरीत तो पडद्यावरच्या पहिल्या ओळीकडे जातो.

भाची : आणि यंत्र नसले तर तोच कारकून काय करतो? ‘नाव जुळत नाही’ असे म्हणून अर्ज परत करतो. शाळेच्या दाखल्यावर डब्ल्यू, बँकेच्या पुस्तकावर व्ही, एवढ्यासाठी प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा, पुन्हा रांगेत उभे राहा. ही शिक्षा ज्याला भोगावी लागते त्याने ते स्पेलिंग लिहिलेले नसते. शाळेच्या मास्तरांनी किंवा कोणा कारकुनानेच लिहिलेले असते. अक्षरशः जुळणी मागणे ही तटस्थता आहे असे तुम्ही मानता. मला तो दुसऱ्याच्या चुकीचा दंड गरिबाकडून वसूल करण्याचा प्रकार वाटतो.

येथे मामा काही वेळ बोलले नाहीत. माझ्या मते भाचीचे हे म्हणणे त्यांच्या पहिल्या आक्षेपापेक्षा वजनदार आहे, आणि तो आक्षेप खोटा नसूनही वजनदार आहे. मामांनी मात्र बाजू सोडली नाही. त्यांनी रोमन लिपीच बाजूला सारली.

मामा : तुझ्या नोंदवह्या तर मराठीत आहेत. नागरीसाठी कोणती रीत लावणार?

भाची : दुसरी एक रीत आहे, तिला उच्चाराशी कर्तव्य नाही. एका शब्दाचा दुसरा करावयास कमीत कमी किती फेरफार लागतात – एखादे अक्षर घालणे, एखादे काढणे, एखादे बदलणे – तेवढे त्या दोन शब्दांमधले अंतर. १९६५ साली व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन या रशियन गणितज्ञाने तारायंत्रासारख्या संदेशवहनातील चुकांचा विचार करताना ही कल्पना मांडली; त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत फ्रेडरिक डॅमेराउ यांनी दाखवून दिले होते की, शब्दलेखनाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका अशा एकाच फेरफाराच्या असतात; लागून असलेल्या दोन अक्षरांची अदलाबदल हा त्यांनी धरलेला चौथा प्रकार. एक शब्द आडवा, एक उभा मांडून चौकटी आखावयाच्या, आणि प्रत्येक घरात शेजारच्या तीन घरांवरून स्वस्तात स्वस्त वाट लिहीत जावयाचे. शेवटच्या घरात अंतर मिळते.

मामा : मग ‘शिंदे’ अनुस्वाराने आणि ‘शिन्दे’ परसवर्णाने, यांचे अंतर काढ. आणि त्याच्या खाली ‘माने’ व ‘मोने’ यांचे.

तिने चौकटी आखल्या. यंत्राच्या दृष्टीने श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा अशी पहिल्या नावाची पाच चिन्हे; दुसऱ्यात अनुस्वाराच्या जागी न आणि त्याला लागलेला हलन्त, म्हणून सहा. एक बदल आणि एक भर मिळून अंतर दोन. माने आणि मोने यांत कान्याच्या जागी ओकार एवढाच बदल, अंतर एक.

मामा : म्हणजे जे नाव एकच आहे ते लांब, आणि जी दोन घराणी आहेत ती जवळ. हे मोजमाप मला मान्य करता येत नाही.

भाची : कच्चे मोजमाप मलाही मान्य नाही. याहून चमत्कारिक गोष्ट सांगते. ‘वऱ्हाडपांडे’ या नावातला तो वळणदार रफार टंकण्याच्या दोन वाटा आहेत: एकीत खाली नुक्ता असलेल्या ‘ऱ’ चे चिन्ह येते, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. म्हणून अंतर मोजण्यापूर्वी अशा जोड्या एकरूप करून घ्याव्या लागतात. त्यानंतर प्रत्येक बदलाची किंमत एकच न धरता वेगवेगळी धरता येते. अनुस्वार आणि परसवर्ण, किंमत शून्य. ह्रस्व-दीर्घ, अगदी अल्प. ल आणि ळ थोडी अधिक, म्हणजे कुलकर्णी आणि कुळकर्णी जवळ येतील. आ आणि ओ पुरती. तुमच्या पाटील-पाटिल यांचा प्रश्नही तेथेच सुटतो. त्यावरून एक विचारू? मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. मग मोडी नोंदीची बाळबोध नक्कल करणाऱ्याने जी वेलांटी घातली, ती मुळाबरहुकूम कशी?

मामा : ती मुळाची साक्ष नाही, नक्कल करणाऱ्याच्या सवयीची आहे. आणि १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने स्वीकारल्यानंतर ज्याने नक्कल केली त्याची सवय आणखी निराळी. तुझा मुद्दा मी डावलीत नाही. पण त्यातून निघते काय ते पाहा. चूक कोठे जन्मली हे कळल्याशिवाय तिची किंमत ठरविता येत नाही. चुकीची तीन जन्मस्थाने मी आयुष्यभर पाहिली. पहिले कान: कोतवालाने सांगितले, तलाठ्याने ऐकले, तेथे ‘न’ चा ‘ण’ होतो, महाप्राणाचा अल्पप्राण होतो, ‘व’ आणि ‘ब’ यांची अदलाबदल होते. दुसरे डोळा: एकाने लिहिले, दुसऱ्याने वाचून उतरविले, तेथे उच्चाराचा संबंध संपतो आणि ‘घ’ चा ‘ध’ होतो, ‘भ’ चा ‘म’ होतो, ‘ख’ फुटून ‘रव’ होतात. घ आणि ध यांच्या उच्चारस्थानांत कंठापासून दातांपर्यंतचे अंतर आहे, पण ओल्या शाईत ते एकमेकांचे जुळे भाऊ आहेत. तिसरे बोट: तुमचे टंकलेखन, जेथे शेजारची कळ दाबली जाते. तुझ्या साउंडेक्सने कानाचा विचार केला, लेव्हेन्श्टाइनने संदेशाचा. माझ्या दफ्तरातील निम्म्या चुका डोळ्याच्या आहेत. त्यांची रीत कोणी बांधली?

भाची : आपल्या जुन्या वह्यांपुरती कोणीतरी ती बांधायला हवी, तुमच्यासारख्यांनी सांगितल्याशिवाय ती बांधताच येणार नाही. कोणत्या सालच्या, कोणत्या तालुक्याच्या वह्या ऐकून लिहिल्या आणि कोणत्या उतरवून घेतल्या, हे जर मला ठाऊक झाले, तर त्या त्या वहीला बदलांच्या किमतींचा निराळा तक्ता लावता येतो. यंत्राची त्याला हरकत नाही.

या संवादातले मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच स्थळ. शब्दांच्या साम्याची प्रत्येक रीत ही मुळात लिहिणारा माणूस कसा चुकतो याविषयीचा एक सिद्धांत असते; पिट्सबर्गच्या माणसाने बांधलेली रीत पिट्सबर्गच्या कारकुनाविषयी सांगते, आणि ती जशीच्या तशी उचलून आपल्या वह्यांना लावणे म्हणजे आपल्या तलाठ्याने न केलेल्या चुका त्याच्या माथी मारणे व केलेल्या नजरेआड करणे होय. मराठीसाठी हे काम व्हावयास हवे असेल, तर मोडी वाचणारी, दफ्तरे हाताळलेली पिढी हयात आहे तोवर तिच्या शेजारी बसून ते तक्ते लिहून घेतले पाहिजेत. ही निकड मला फार वाटते.

मामा : तक्ते मी देईन. पण निकाल कोण देणार, हा प्रश्न राहिलाच.

भाची : त्यासाठी १९६९ साली कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातील इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी एक व्यवस्था गणिताने सिद्ध केली. नाव, जन्मसाल, गाव अशा प्रत्येक बाबीच्या जुळण्या-न-जुळण्याला वजन द्यावयाचे. दुर्मिळ आडनाव जुळले तर वजन अधिक, पाटलासारखे सर्वत्र आढळणारे जुळले तर कमी. बेरीज वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर जुळले, खालच्या मर्यादेखाली राहिली तर नाही, आणि मधल्या पट्ट्यातील नोंदी माणसाने स्वतः वाचून ठरवावयाच्या.

मामा : तो मधला पट्टा मला पसंत आहे. फक्त तो रुंद ठेव. कोळ्याची जमीन काळ्याच्या नावावर चढली, तर ती परत मिळविण्यात दोन पिढ्या दिवाणी कोर्टात जातात. न जुळलेला अर्ज मात्र पुन्हा करता येतो.

भाची : जमिनीच्या बाबतीत रुंद ठेवीन. शोधसूचीच्या बाबतीत नाही. तेथे वंशज फक्त पणजोबांची नोंद पाहावयास आलेला असतो, त्याला दहा नावे दिसली तर तो चुकीची नऊ बाजूला सारील, पण बरोबर असलेले एक दिसलेच नाही तर त्याला ते होते हेच कळणार नाही. एकच मर्यादा दोन्हीकडे लावता येणार नाही. आणि पुन्हा अर्ज करता येतो असे तुम्ही म्हणता, ते ज्याला मजुरी बुडवून तालुक्याला यावे लागते त्याच्या बाबतीत म्हणू नका.

मामा : बरे. पण जेथे हक्काचा प्रश्न आहे तेथे माझी अट अशी की, नाव कितीही जुळो, बापाचे नाव आणि गाव या दोहोंची रुजवात झाल्याखेरीज नोंद मान्य धरू नये.

भाची : मग अर्ध्या वहीचे काय करावयाचे, मामा? लग्न झाले की बाईच्या नावापुढचे बापाचे नाव जाऊन नवऱ्याचे येते, आडनाव बदलते, गाव बदलते. आणि कित्येक घरांत तिचे स्वतःचे नावही बदलून ठेवीत. जन्माच्या नोंदीतली मुलगी आणि मृत्यूच्या नोंदीतली बाई यांच्यात एकही अक्षर सामायिक उरत नाही. साउंडेक्स काय, लेव्हेन्श्टाइन काय, तुमचा तक्ता काय, यांपैकी एकालाही ती सापडणार नाही. आणि तुमची अट लावली तर बापाच्या जमिनीतला तिचा वाटा मागताना ती पहिल्याच खिडकीवर अडणार.

मामा : तिच्यासाठी नावांची जुळणी पुरणार नाही. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि ज्या कागदावरून ती दोन्ही एकाच बाईची ठरतात तो कागद, असे तीन रकान्यांचे वेगळे सदर उघडावे लागेल. वारसाच्या चौकश्यांत मुलींची नावे सासरच्या गावासह लिहिलेली मी पाहिली आहेत. सुरुवात त्या कागदांपासून करता येईल. ते काम यंत्राने होणारे नाही, बसून वाचण्याचे आहे.

भाची : मग त्या चौकश्यांचे रुमाल कोणत्या सालापासूनचे आहेत ते आधी सांगा, म्हणजे वाचणारी माणसे किती लागतील याचा मला अंदाज येईल.